अज्वलनशील बहुवारिक विद्युत अपघटनी

अज्वलनशील बहुवारिक विद्युत अपघटनी हा लिथियम बॅटरीच्या दोन अग्रांमध्ये लिथियमच्या आयनांची ने-आण करणारा, बहुवारिकापासून म्हणजेच पॉलिमरपासून बनवलेला आणि ज्योतीच्या संपर्कात पेट न घेणारा किंवा ज्योत दूर होताच आपोआप विझणारा पदार्थ होय. सध्या वापरात असलेल्या बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांमध्ये हे काम सेंद्रिय द्रव करतो आणि तो द्रव ज्वालाग्राही असतो. त्याच्या जागी न जळणारा बहुवारिक वापरता आला, तर बॅटरीच्या आगीतील एक मोठे इंधनच काढून घेतले जाईल, अशी या संशोधनामागील भूमिका आहे.

विद्युत दुचाकी, बस आणि वीजसाठवण केंद्रे यांना लागलेल्या आगींमुळे हा विषय प्रयोगशाळेबाहेर चर्चिला जाऊ लागला आहे. या चर्चेत 'घन', 'पॉलिमर', 'अज्वलनशील' आणि 'सुरक्षित' हे शब्द अनेकदा समानार्थी म्हणून वापरले जातात. वस्तुतः ते चार वेगळे गुण आहेत. घन बहुवारिक जळू शकतो, अज्वलनशील बहुवारिक द्रवरूप असू शकतो आणि अज्वलनशील अपघटनी असलेली बॅटरीही तापून वायू बाहेर टाकू शकते. पदार्थाचे न जळणे ही सुरक्षिततेची एक अट आहे. ती संपूर्ण सुरक्षितता नव्हे. पुढील विवेचनात विद्युत अपघटनीचा उल्लेख संक्षेपाने 'अपघटनी' असा केला आहे.

पार्श्वभूमी

लिथियम-आयन बॅटरीच्या घटात धन अग्र, ऋण अग्र, त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा सच्छिद्र पडदा आणि अपघटनी असे चार मुख्य भाग असतात. ऋण अग्र बहुधा ग्रॅफाइटचे, तर धन अग्र लिथियमयुक्त धातू-ऑक्साइडचे किंवा लिथियम आयर्न फॉस्फेटचे असते. बॅटरी वापरली जात असताना लिथियमचे आयन ऋण अग्राकडून धन अग्राकडे जातात आणि भारित करताना ते उलट दिशेने परततात. इलेक्ट्रॉन मात्र बाहेरच्या मंडलातून फिरतात. म्हणून अपघटनीने आयनांना वाट द्यावी व इलेक्ट्रॉनांना अडवावे, अशी दुहेरी अपेक्षा असते.

सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या बॅटरीच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. त्याआधी शुद्ध लिथियम धातूचे ऋण अग्र असलेल्या पुनर्भारणक्षम बॅटऱ्या विकल्या गेल्या होत्या. परंतु १९८९ मध्ये जपानमध्ये अशा बॅटऱ्या असलेल्या मोबाइल दूरध्वनींनी पेट घेतल्याने त्या परत मागवाव्या लागल्या. सुरक्षिततेचा प्रश्न या तंत्रज्ञानाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

प्रचलित द्रव अपघटनी हे इथिलीन कार्बोनेट, डायमिथिल कार्बोनेट, डायइथिल कार्बोनेट यांसारख्या विद्रावकांत लिथियम हेक्झाफ्लोरोफॉस्फेट हा क्षार विरघळवून तयार करतात. ते आयनांचे उत्तम वाहक आहेत, स्वस्त आहेत आणि ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर उपयुक्त संरक्षक थर निर्माण करतात. त्यांचा दोष त्यांच्या बाष्पात आहे. डायमिथिल कार्बोनेटची वाफ सुमारे १७ अंश सेल्सिअस तापमानालाच ठिणगीने पेट घेऊ शकते. याचा अर्थ असा की, भारतातील बहुतेक ठिकाणी बहुतेक दिवस हा द्रव ज्या तापमानात वावरतो, ते तापमान त्याच्या पेटण्यास पुरेसे असते. घटाचे सीलबंद कवच शाबूत असेपर्यंत धोका उद्भवत नाही. कवच फुटले की तो उघडा पडतो.

आग लागण्याची प्रक्रिया

लिथियम बॅटरीची आग सहसा बाहेरून लागत नाही. ती घटाच्या आत उष्णतेच्या साखळीने घडत जाते. या साखळीला 'थर्मल रनअवे' असे म्हणतात. अतिभारण, अपघातातील दाब, उत्पादनातील दोष किंवा लिथियमचे सुईसारखे स्फटिक वाढून पडदा भेदला जाणे, यांपैकी कोणत्याही कारणाने तिची सुरुवात होऊ शकते.

प्रथम, साधारणतः ८० ते १२० अंश तापमानाला ऋण अग्रावरील संरक्षक थर विघटित होतो आणि त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. सुमारे १३० अंशांना पॉलिइथिलीनचा पडदा वितळतो व दोन्ही अग्रे एकमेकांना भिडून अंतर्गत लघुपरिपथ होतो. घटात साठवलेली विद्युत ऊर्जा त्या ठिकाणी उष्णतेच्या रूपाने मोकळी होते. तापमान २०० अंशांच्या आसपास गेल्यावर निकेल व कोबाल्टयुक्त धन अग्रे ऑक्सिजन सोडू लागतात. द्रव अपघटनीचे बाष्प, हा ऑक्सिजन आणि उष्णता एकत्र आल्यावर ज्वाळा उठतात. क्षाराचा ओलाव्याशी संयोग होऊन हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायूही तयार होतो. एका घटाची उष्णता शेजारच्या घटाला तापवते आणि संपूर्ण संच पेटतो.

या क्रमावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. अपघटनी हे आगीचे प्रमुख इंधन आहे, त्यामुळे ते न जळणारे असणे महत्त्वाचे आहे. मात्र संरक्षक थराचे विघटन, लघुपरिपथ आणि ऑक्सिजनची मुक्तता या पायऱ्या केवळ अपघटनी न जळणारा आहे म्हणून थांबत नाहीत.

बहुवारिक अपघटनीचा इतिहास

शेफील्ड विद्यापीठातील पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये पॉलिइथिलीन ऑक्साइड हा बहुवारिक अल्कली धातूंचे क्षार सामावून घेतो, असे दाखवले. या पदार्थाचा बॅटरीसाठी उपयोग होऊ शकतो, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल आर्मांड यांनी १९७८ मध्ये मांडली. बहुवारिकाच्या लांब साखळीवरील ऑक्सिजनचे अणू लिथियमच्या आयनाला धरून ठेवतात आणि साखळी हलली की आयन एका ऑक्सिजनकडून दुसऱ्याकडे सरकतो. ही हालचाल बहुवारिकाच्या स्फटिकी भागापेक्षा मुख्यत्वे अस्फटिकी, म्हणजे विस्कळीत रचनेच्या भागात होते, हे १९८३ मध्ये निदर्शनास आले.

येथेच या पदार्थाची मुख्य अडचण आहे. पॉलिइथिलीन ऑक्साइडचे स्फटिक सुमारे ६५ अंशांपर्यंत टिकून राहतात. परिणामी सामान्य तापमानाला त्याची आयनवाहकता द्रव अपघटनीच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. ६० ते ८० अंशांना तापवल्यावरच तो व्यवहारोपयोगी होतो. शिवाय सुमारे ४ व्होल्टच्या जवळ त्याचे ऑक्सिडीकरण होऊ लागते, त्यामुळे अधिक व्होल्टच्या धन अग्रांशी त्याचे जमत नाही.

ही अडचण टाळण्यासाठी दोन मार्ग पुढे आले. एका मार्गात बहुवारिकाच्या जाळीत द्रव अपघटनी शोषून घेऊन जेल तयार करतात. दुसऱ्या मार्गात अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा टायटॅनियम ऑक्साइड यांचे अतिसूक्ष्म कण मिसळून स्फटिकीकरण रोखतात. इटलीतील ब्रुनो स्क्रोसाती यांच्या गटाने १९९८ मध्ये असे संमिश्र पदार्थ प्रसिद्ध केले. पुढे आयन वाहून नेणारी सिरॅमिक चूर्णेही मिसळली जाऊ लागली.

'लिथियम पॉलिमर' हे नाव

मोबाइल, ड्रोन व खेळण्यांतील चपट्या बॅटऱ्यांवर 'लिथियम पॉलिमर' असे छापलेले असते. या नावामुळे ग्राहकांची दिशाभूल होण्याचा संभव आहे. यांपैकी बहुतेक बॅटऱ्यांत द्रव किंवा जेलरूप अपघटनी असतो आणि तो लवचीक पिशवीसारख्या वेष्टनात बंद केलेला असतो. जेलमधील द्रव हा तोच ज्वालाग्राही विद्रावक असल्याने अशी बॅटरी भोसकली गेल्यास किंवा अतिभारित झाल्यास पेट घेऊ शकते. वेष्टन फुगलेली पिशवीबॅटरी आत वायू तयार झाल्याचे लक्षण मानली जाते व तिचा वापर थांबवणे आवश्यक असते. 'अर्ध-घन' या नावाने येणाऱ्या नव्या बॅटऱ्यांतही काही प्रमाणात द्रव शिल्लक असतो. तो किती आणि कोणता, हे नावावरून कळत नाही.

घन म्हणजे अज्वलनशील नव्हे

द्रवरहित घन बहुवारिक अपघटनी मोठ्या प्रमाणावर वापरणारी 'लिथियम मेटल पॉलिमर' बॅटरी फ्रान्समधील बोलोरे उद्योगसमूहाच्या ब्ल्यू सोल्यूशन्स कंपनीने विकसित केली. पॅरिसमध्ये २०११ ते २०१८ या काळात चाललेल्या 'ऑटोलिब' या भाड्याच्या मोटारींच्या सेवेत ती होती. तिच्यात द्रव नसल्याने ती गळत नाही, हा तिचा खराखुरा लाभ आहे. तथापि एप्रिल २०२२ मध्ये पॅरिसमध्ये अशी बॅटरी असलेल्या दोन बसगाड्या पेटल्या. पहिली ४ एप्रिलला आणि दुसरी २९ एप्रिलला. दोन्ही प्रसंगी जीवितहानी झाली नाही. शहराच्या परिवहन संस्थेने त्याच प्रकारच्या १४९ बस तात्पुरत्या सेवेतून काढून घेतल्या.

उत्तर अमेरिकेतील अनुभवही याच स्वरूपाचा आहे. कॅनडातील अ‍ॅव्हेस्टॉर कंपनीच्या लिथियम मेटल पॉलिमर बॅटऱ्या अमेरिकेतील दूरसंचार कंपनी एटी अँड टीने रस्त्याकडेच्या पेट्यांमध्ये बसवल्या होत्या. काही पेट्यांत स्फोट व आगीच्या घटना घडल्यावर २००८ मध्ये सुमारे १७ हजार बॅटऱ्या बदलण्याचा निर्णय घेण्यात आला.

यात रासायनिकदृष्ट्या आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. पॉलिइथिलीन ऑक्साइडची साखळी कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांची आहे. पुरेशी उष्णता मिळाल्यास ती मेणाप्रमाणे वितळते, तिचे विघटन होऊन ज्वालाग्राही वायू निघतात आणि ते जळतात. त्यात भर म्हणजे या बॅटरीचे ऋण अग्र लिथियम धातूचे असते. हा धातू सुमारे १८० अंशांना वितळतो आणि वितळलेल्या अवस्थेत अत्यंत क्रियाशील असतो. घनरूप अपघटनीचे बाष्प सहजासहजी होत नाही, म्हणून आग लागणे लांबते, तिची शक्यता कमी होते. परंतु ती अशक्य होत नाही. 'घन आहे म्हणून सुरक्षित' हे विधान या उदाहरणांसमोर टिकत नाही.

अज्वलनशीलता आणण्याचे मार्ग

बहुवारिक अपघटनी खऱ्या अर्थाने न जळणारे व्हावे यासाठी प्रामुख्याने चार मार्ग अवलंबले जातात.

१. फॉस्फरसयुक्त संयुगे. ज्योत टिकून राहते ती हायड्रोजन व हायड्रॉक्सिल यांच्या मुक्त मूलकांच्या साखळी-अभिक्रियेमुळे. ट्रायमिथिल फॉस्फेट, ट्रायफिनाइल फॉस्फेट किंवा फॉस्फाझीन वर्गातील संयुगे तापल्यावर फॉस्फरसयुक्त मूलके सोडतात. ती ज्योतीतील मूलके पकडतात आणि साखळी तुटते. काही फॉस्फरसयुक्त बहुवारिके जळताना पृष्ठभागावर कोळशासारखा थर निर्माण करून आतील पदार्थाला हवेपासून तोडतात. दोष असा की, ट्रायमिथिल फॉस्फेटसारखी संयुगे ग्रॅफाइटच्या थरांची हानी करतात. त्यावर उपाय म्हणून स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी कुई यांच्या गटाने २०१७ मध्ये ट्रायफिनाइल फॉस्फेट हे बहुवारिकाच्या सूक्ष्म तंतूंच्या पोटात बंद करून दाखवले. एरवी ते बॅटरीच्या कामात ढवळाढवळ करत नाही; तापमान वाढून तंतूचे कवच वितळले की ते बाहेर पडून ज्योत दडपते.

२. फ्लोरिनयुक्त बहुवारिके. कार्बन व फ्लोरिन यांचा बंध अतिशय मजबूत असतो आणि हायड्रोजनची जागा फ्लोरिनने घेतली की जळण्याजोगे फारसे उरत नाही. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील जोसेफ डीसिमोन आणि बर्कली येथील निताश बलसारा यांच्या गटांनी २०१४ मध्ये परफ्लोरोपॉलिईथर या बहुवारिकावर आधारित अज्वलनशील अपघटनी प्रसिद्ध केले. जहाजांच्या तळाला समुद्री जीव चिकटू नयेत यासाठी याच वर्गाच्या पदार्थांवर डीसिमोन यांचे काम चालू होते. त्यातून ही दिशा मिळाली. या अपघटनीतून जाणाऱ्या प्रवाहाचा सुमारे नऊ-दशांश भाग लिथियमचे आयन वाहतात, जो पॉलिइथिलीन ऑक्साइडच्या तुलनेत खूप जास्त आहे. मात्र एकूण वाहकता प्रचलित द्रवापेक्षा शेकडो पटींनी कमी राहिली. विशेष म्हणजे हा अज्वलनशील बहुवारिक सामान्य तापमानाला द्रवरूप होता. घनरूप आणि अज्वलनशीलता या दोन गोष्टी परस्परांवर अवलंबून नाहीत, याचे हे प्रत्यंतर होय.

३. न जळणारा सांगाडा. यात आयन वाहणारा बहुवारिक तोच ठेवून त्याला अग्निरोधक चौकटीचा आधार देतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये पॉलिइमाइड या उष्णतारोधक बहुवारिकाच्या सच्छिद्र पातळ पटलात ब्रोमीनयुक्त अग्निरोधक मिसळले आणि त्याची छिद्रे पॉलिइथिलीन ऑक्साइड व लिथियम क्षाराने भरली. सांगाडा वितळत नसल्याने अग्रे एकमेकांना भिडत नाहीत, हा या मार्गाचा अतिरिक्त लाभ आहे. अशा रीतीने आगीच्या साखळीतील दोन कड्या एकाच वेळी हाताळल्या जातात.

४. क्षाराचे मोठे प्रमाण. अपघटनीत लिथियमचा क्षार भरपूर असला तर विद्रावकाचे रेणू त्याच्या आयनांना घट्ट बांधले जातात आणि त्यांचे बाष्प होणे कठीण होते. स्टॅनफर्ड विद्यापीठ व एसएलएसी राष्ट्रीय प्रयोगशाळा येथील झेनान बाओ आणि यी कुई यांच्या गटांनी २०२२ च्या अखेरीस याच तत्त्वावरील बहुवारिक अपघटनी जाहीर केले. सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या साखळीवर आधारित या बहुवारिकात वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग लिथियम क्षाराचा आहे. विद्रावकाचे थोडे रेणू त्यात आहेत, पण ते क्षार व बहुवारिक यांना नांगरल्यासारखे बांधलेले असतात. २५ ते १०० अंशांपर्यंत ही बॅटरी चालली आणि अपघटनीने पेट घेतला नाही. हा पदार्थ प्रचलित अग्रांमध्ये मुरवता येतो, म्हणजे कारखान्यातील यंत्रणा पूर्णपणे बदलावी लागत नाही, असा संशोधकांचा दावा आहे.

परस्परविरोधी अपेक्षा

या मार्गांपैकी कोणताही एक अद्याप सर्वमान्य झालेला नाही, याचे कारण अपेक्षांमधील अंतर्विरोधात आहे. आयन वेगाने सरकण्यासाठी बहुवारिकाच्या साखळ्या मऊ व चंचल असाव्या लागतात. लिथियमच्या सुया रोखण्यासाठी आणि उष्णतेत आकार टिकवण्यासाठी मात्र त्या ताठ असाव्या लागतात. अग्निरोधक पदार्थ जितका जास्त मिसळावा तितकी आयनांची वाट अरुंद होते. तो कमी ठेवला तर आग विझत नाही. क्षार वाढवला तर ज्वलन घटते, परंतु किंमत व चिकटपणा वाढतो. अपघटनीचे पटल पातळ केल्यास कमी वाहकतेची भरपाई होते, पण पातळ पटल सहज भेदले जाते.

म्हणून प्रयोगशाळेतील यश मोजताना तीन प्रश्न विचारावे लागतात. वाहकता कोणत्या तापमानाला मोजली आहे? घट किती मोठा होता आणि किती वेळा भारित केला? ज्योतीची चाचणी फक्त पटलावर झाली की संपूर्ण, पूर्ण भारित घटावर? बोटाच्या पेराएवढ्या घटातील निष्कर्ष शेकडो घट एकत्र बांधलेल्या वाहनसंचाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण मोठ्या संचात उष्णता बाहेर पडायला पुरेशी जागा नसते.

फ्लोरिनचा प्रश्न

अज्वलनशीलतेसाठी सर्वांत परिणामकारक ठरलेला घटक म्हणजे फ्लोरिन. याच घटकावर पर्यावरणाच्या दृष्टीने गंभीर आक्षेप आहे. परफ्लुरो व पॉलिफ्लुरो अल्किल संयुगे निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. त्यामुळे त्यांना 'चिरंतन रसायने' असे संबोधले जाते आणि त्यांपैकी काही पाण्यात व सजीवांच्या शरीरात साठतात. जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या पाच देशांनी जानेवारी २०२३ मध्ये या संपूर्ण वर्गावर व्यापक निर्बंध घालण्याचा प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेकडे सादर केला. थ्रीएम या अमेरिकी कंपनीने २०२५ अखेर अशा संयुगांचे उत्पादन थांबवण्याची घोषणा डिसेंबर २०२२ मध्ये केली होती. परफ्लोरोपॉलिईथर, अग्रांना बांधून ठेवणारा पॉलिव्हिनिलिडीन फ्लोराइड आणि बहुवारिक अपघटनीत वापरले जाणारे काही लिथियम क्षार हे सर्व या व्यापक व्याख्येत येऊ शकतात.

ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांनाही असेच आक्षेप लागू आहेत. आगीचा धोका कमी करताना तो पाण्यात व मातीत स्थलांतरित होत असेल, तर पूर्ण हिशेबात लाभ किती, हे तपासावे लागते. म्हणून फॉस्फरस, सिलिकॉन व नायट्रोजन यांवर आधारित, फ्लोरिन कमी किंवा मुळीच नसलेल्या बहुवारिकांकडे संशोधनाचा ओघ वाढत आहे. बॅटरीच्या पुनर्वापराच्या यंत्रणेत या पदार्थांचे काय होते, हाही त्याच हिशेबाचा भाग आहे.

ज्योत नसणे आणि सुरक्षित असणे

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात सरप्राइज या शहरात १९ एप्रिल २०१९ रोजी घडलेली दुर्घटना या संदर्भात बोधप्रद आहे. तेथील वीजसाठवण केंद्रात एका घटापासून उष्णतेची साखळी सुरू झाली. स्वयंचलित अग्निशमन यंत्रणेने वायू सोडला, तरी घटांमागून घट तापत राहिले आणि त्यांतून निघालेले ज्वालाग्राही वायू बंद खोलीत साठले. काही तासांनी दार उघडताच स्फोट झाला व अग्निशमन दलाचे चार जवान गंभीर जखमी झाले. येथील घट प्रचलित द्रव अपघटनीचे होते. तरीही धडा सर्वसाधारण आहे: ज्योत दडपली पण उष्णता व वायूंची निर्मिती थांबली नाही, तर धोका केवळ रूप बदलतो.

यामुळेच नियमांचा रोख हळूहळू पदार्थाकडून परिणामाकडे वळत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक तांत्रिक नियम क्रमांक २० नुसार एखाद्या घटाने पेट घेतल्यास प्रवासी कक्षाला धोका पोहोचण्याच्या किमान पाच मिनिटे आधी इशारा मिळणे अपेक्षित आहे. चीनने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या सुधारित मानकात याच्या पुढे जाऊन 'आग नाही, स्फोट नाही' अशी अट घातली असून ती १ जुलै २०२६ पासून लागू करण्याचे ठरले. उत्पादकाने अज्वलनशील अपघटनी वापरावा की लिथियम आयर्न फॉस्फेट वापरावे, घटांमध्ये उष्णतारोधक थर घालावा की शीतकरण सुधारावे, हे अशा मानकांत सांगितलेले नसते; निष्पत्ती तेवढी तपासली जाते. बहुवारिक अपघटनीला त्यामुळे या इतर, अनेकदा स्वस्त, उपायांशी स्पर्धा करावी लागते.

भारतातील स्थिती

भारतात २०२२ या वर्षी विद्युत दुचाकींच्या आगी हा सार्वजनिक चिंतेचा विषय झाला. २६ मार्च २०२२ रोजी पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली एक दुचाकी पेटली आणि तिची चित्रफीत देशभर पसरली. ९ एप्रिलला नाशिकमध्ये दुचाकी वाहून नेणाऱ्या एका कंटेनरमध्ये आग लागून २० वाहने जळाली. १२ सप्टेंबर २०२२ रोजी सिकंदराबाद येथे विद्युत दुचाकींच्या दालनात लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यांवरील हॉटेलात पसरून ८ जणांचा मृत्यू झाला. या तिसऱ्या घटनेने दाखवून दिले की, बॅटरीच्या आगीत ज्वाळांइतकाच धूरही घातक असतो.

केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमून दुचाकी व तिचाकी वाहनांसाठी 'एआयएस-१५६' आणि चारचाकी वाहनांसाठी 'एआयएस-०३८' या मानकांत सुधारणा केल्या. त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. घटांची चाचणी, घटांमधील अंतर, बॅटरी व्यवस्थापन प्रणाली आणि एका घटाची उष्णता इतरांपर्यंत पसरू न देणे यांवर त्यांत भर आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही वाहनचाचणी करणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक आहे.

घटांच्या देशांतर्गत निर्मितीसाठी मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची उत्पादनसंलग्न प्रोत्साहन योजना मंजूर झाली असून ५० गिगावॉट-तास क्षमता हे तिचे उद्दिष्ट होते. बॅटरी-रसायनांवर कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत रसायन संशोधन संस्थेसह अनेक संस्थांत काम चालते.

भारतीय परिस्थितीत दोन बाबी विशेष लक्षात घ्याव्या लागतात. विदर्भासारख्या प्रदेशात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते आणि उन्हात उभ्या वाहनाच्या आतील तापमान त्याहूनही वाढते. प्रचलित द्रव अपघटनी अशा उष्णतेत लवकर खराब होतात, तर बहुवारिक अपघटनीची वाहकता उष्णतेने सुधारते. त्यामुळे हा पदार्थ उष्ण प्रदेशांना अनुकूल ठरू शकतो. दुसरी बाब वापराच्या जागेची. अनेक कुटुंबांत दुचाकी जिन्याखाली किंवा इमारतीच्या एकमेव प्रवेशमार्गावर उभी केली जाते, काढता येणारी बॅटरी घरात नेऊन भारित केली जाते. अशा ठिकाणी काही मिनिटांचा इशाराही कुटुंबाला बाहेर पडण्यास अपुरा ठरू शकतो, आणि आग मुळातच न पेटणे किंवा सावकाश पसरणे याला जीवनमरणाचे महत्त्व येते.

मूल्यमापन

अज्वलनशील बहुवारिक अपघटनीने लिथियम बॅटरीतील एक मोठे इंधन दूर होऊ शकते आणि घन सांगाडा वापरल्यास लघुपरिपथाची शक्यताही घटते. हे दोन्ही लाभ मोलाचे आहेत. परंतु घटात साठवलेली विद्युत ऊर्जा, धन अग्रातून निघणारा ऑक्सिजन आणि लिथियम धातूची क्रियाशीलता यांना हा पदार्थ नाहीसे करत नाही. त्याच्यासोबत स्थिर धन अग्र, वायू सुरक्षितपणे बाहेर सोडणारी रचना, घटांमधील उष्णतारोधक आणि विश्वासार्ह व्यवस्थापन प्रणाली लागतेच.

'सॉलिड स्टेट', 'पॉलिमर' किंवा 'फायरप्रूफ' असे शब्द उत्पादनाच्या जाहिरातीत आढळल्यास त्यामागे कोणती चाचणी आहे, हे पाहणे उपयुक्त ठरते. केवळ अपघटनीचे पटल ज्योतीत धरून जळाले नाही, एवढा पुरावा अपुरा आहे. पूर्ण भारित घटात खिळा ठोकल्यावर, तो अतिभारित केल्यावर आणि संचातील एक घट मुद्दाम पेटवल्यावर काय घडले, वायू किती व कोणते निघाले, शेजारचे घट सुरक्षित राहिले का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच 'अज्वलनशील' या विशेषणाला 'सुरक्षित' असा अर्थ प्राप्त होतो.